दुसऱ्याचा घोडा

४ तारीख

ताईने ही डायरी बाबांच्या नोंदींसाठी दिली. ती चष्म्याच्या दुकानात आहे, तिथे गिऱ्हाइकांना वाटून उरलेली. प्रत्येक पानाच्या तळाला एक चष्मा छापलेला आहे. गोळी दिली का, लघवी झाली का, झोप लागली का, एवढं लिहायचं. सुरुवातीला नीट लिहिलं. पण बाबांचं रोज तेच असतं, आणि पान मोठं आहे. म्हणून उरलेल्या जागेत माझं.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा मी एका पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरत होते. त्याआधी एका सलूनमध्ये केस झाडत होते, त्याआधी आठवत नाही. ताई फोनवर म्हणाली, "ये. तू तशीही कुठे काय करतेस?" मुद्दा बरोबर होता. आले.

बाबांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. जन्मभर शहर बस चालवली आणि रिटायर होऊन बूट नीट काढले नाहीत तोवर हे. आता ताईच्या बाहेरच्या खोलीत कठड्याचा पलंग, समोर टीव्ही, बाजूला मी. सकाळी एक ब्रदर येतो, अंघोळ घालतो, चादर बदलतो, मला "काय मॅडम, आज कुठला सीन?" असं विचारतो आणि जातो. मग संध्याकाळपर्यंत मी आणि बाबा.

सीन म्हणजे गेमचा. जुना काउबॉयचा गेम आहे, आम्ही लहान असतानाचा. टोपीवाला माणूस, घोडा, धूळ, मधेच गोळीबार. मी खेळत नाही. लोक खेळतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात, ते मी बघते. दुसऱ्याच्या घोड्यावरून फिरायचं. चुकला तर तो चुकला, मेला तर तो मेला.

नोंद: गोळी दिली. लघवी झाली. दुपारी बाबा अंगठी आपटत होते. डाव्या हातातली, पलंगाच्या लोखंडी कठड्यावर. टिंग. भांडं दिलं, नको. पाणी दिलं, नको. कूस बदलली, नको. थोड्या वेळाने आपोआप थांबले.

६ तारीख

स्पीच थेरपीच्या बाई आल्या. कप, किल्ली आणि छत्रीचं चित्र समोर धरलं. "काका, कप कुठला? बोट दाखवा." बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग बाईंनी "डोळे मिटा" सांगितलं. बाबांनी उलट मोठे केले. मला हसू आलं, पण कुणीच हसलं नाही म्हणून गिळलं.

जाताना बाई दारात ताईला म्हणाल्या, "सांगितलेलं समजतंय असं काही दिसत नाही. पंचवीसला शेवटचं बघते, मग कळवते."

कळवायचं सेंटरला. ताईने तिथे नाव घातलंय. सेंटरला दोन वॉर्ड आहेत. ज्यांना समजतं त्यांना घरीच ठेवतात आणि थेरपी घरी येते, किंवा पुढच्या वॉर्डात घेतात, तिथे व्यायाम असतो, खिडक्या असतात. ज्यांना समजत नाही ते मागच्या वॉर्डात. तिथे भरवतात आणि स्वच्छ ठेवतात. ताई बघून आली. मी विचारलं कसं आहे, तर म्हणाली, "स्वच्छ आहे." आणि लगेच भाजी चिरायला बसली. भाजी आधीच चिरलेली होती.

पुढचा वॉर्ड गच्च भरलाय. म्हणजे घर, नाहीतर मागचा वॉर्ड. आणि घर म्हणजे घरात दिवसभर कुणीतरी. कुणीतरी म्हणजे कोण, हे कुणी बोललं नाही.

खिळ्याचा फोन होता. खिळा माझा मित्र, प्रदर्शनांचे स्टॉल ठोकतो, तोंडात कायम खिळे, म्हणून खिळा. महिनाअखेर त्यांचा ट्रक निघतोय, गावोगाव. "हाताखाली माणूस लागतंय. येतेस का? पायाला भिंगरी ना तुझ्या?" म्हटलं कळवते. आजकाल सगळेच कळवतायत.

मला काय वाटतंय ते बघत होते. काही सापडलं नाही.

९, बहुतेक

दोन खेळाडू मी बघते. एक घाईवाला. तो सतत परक्या भाषेत ओरडत असतो आणि घोडा पळवत असतो. डोंगर असो, नदी असो, पळव. कोपऱ्यात घोड्याच्या दमाची एक पिवळी पट्टी असते, ती संपली की घोडा तोंडावर पडतो. याची रोज संपते. दुसऱ्याला मी मुका म्हणते. तो बोलत नाही. घोडा चालवतो तोही चालवत, पळवत नाही. मधेच उभा राहतो आणि नुसता डोंगर बघतो. झोप येते, पण बरं वाटतं.

आज घाईवाला लावला होता. बाबांनी पुन्हा टिंग. मग टिंग. मग टिंग. घोडा पडला तेव्हा तर इतक्या जोरात मारलं की हातावर ब्रदरने लावलेली चिकटपट्टी निघाली. मी उशी सारखी केली, पंखा वाढवला, पंखा कमी केला. बाबा माझ्याकडे बघत होते. तो चेहरा मला माहीत आहे. रस्त्यात मधेच स्कूटर घालणाऱ्याकडे ते तसंच बघायचे.

त्यावरून आठवलं. लहानपणी सुट्टीत ताई आणि मी बाबांच्या बसमधून फिरायचो. ताई खिडकीपाशी आणि मी कंडक्टरकाकांच्या मांडीवर, कारण तिथून घंटीची दोरी हाताला लागायची. एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. बाबा मागे वळून कधीच बघायचे नाहीत. मागे काय चाललंय, कोण चढलं, कोण उतरलं, काही नाही. कान घंटीवर. काका म्हणायचे, "तुझा बाप बायकोचं ऐकत नाही, पण घंटीचं ऐकतो." एकदा मी उगाच ओढली तर भर पुलावर बस उभी. मागे हॉर्नची रांग. बाबा तरी वळले नाहीत. दोनदा वाजेपर्यंत तसेच बसून राहिले.

काय लिहीत होते? हां, आवाज. वरच्या मजल्यावरच्या बाई बघायला आल्या काय चाललंय. म्हणून कठड्याला टॉवेल गुंडाळला आणि दोरीने बांधला. आता आवाज येत नाही.

१२ तारीख

ताई खूश. "आज शांत आहेत."

हात हलतोच. टॉवेलवर. पण आवाज नाही.

डॉक्टरांनी बेचैनीसाठी अर्धी गोळी लिहून दिली आहे. सेंटरमध्ये पूर्ण देतील म्हणे. दिली. झोप लागली, तोंड उघडं ठेवून.

१५ तारीख

टॉवेल सुपाने भरला, म्हणून धुवायला काढला. दुसरा बांधायचा कंटाळा केला.

मुका लावला होता. तो एका फाट्यावर आला. एक वाट नदीकडे, एक गावाकडे. नेहमीप्रमाणे उभा. घोडा शेपटी हलवतोय, वारा, बास. मी नखं कापायला घेतली. बाबांची, मग माझी. अजून उभाच.

टिंग टिंग.

मी वर बघितलं. बाबा टीव्हीकडे बघत होते. परत टिंग टिंग. भांडं उचललं तर त्यांनी डोळ्यांनी असं काही झिडकारलं की मी भांडं खाली ठेवलं. मग मुक्याचा घोडा निघाला आणि बाबांनी हात पोटावर ठेवला.

मी घाईवाल्याचा नवा व्हिडिओ लावला. तो सुरुवातीपासूनच पळवत होता. पिवळी पट्टी अर्ध्यावर येताच टिंग. एकच. घोडा पुढे, टिंग. मी व्हिडिओ थांबवला. हात थांबला. चालू केला. टिंग.

म्हणजे बाबांना घोड्याची काळजी आहे. त्यांना पट्टी कळते. ती पट्टी कळायला मला आठवडा लागला होता.

दोनदा का मारतात ते कळलं नाही. बहुतेक पुढचं लाव म्हणत असतील.

संध्याकाळी ताई आली. तिचे पाय सुजले होते, ते बादलीत सोडून बसली. म्हणाली, "काही विशेष?" मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते लिहायला हवं, पण खिळ्याचा मेसेज आला होता. ट्रकमध्ये मधली सीट माझ्यासाठी ठेवलीय. तो बघत बसले आणि राहिलं.

१७ तारीख

सेंटरमध्ये सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येक कपड्याला आतून नंबर शिवावा लागतो. ताईने कापडी पट्टीवर छापलेले नंबर आणले. "तुला शिवता येतं ना? की तेही मधेच सोडलंस?"

शिवणाचा क्लास मी मधेच सोडला होता. पण टाका येतो.

दिवसभर बाबांच्या शर्टांच्या कॉलरला नंबर शिवत बसले. पायजमे, बनियन, तो मरून स्वेटर. बाबा बघत होते. टीव्ही चालू होता, पण टीव्हीकडे नाही, माझ्या सुईकडे. निळा शर्ट घेतला तेव्हा टिंग केलं. एकच.

मी म्हटलं, "काय? हा नको?"

टिंग.

बाजूला ठेवला. दुसरा घेतला. टिंग. तोही ठेवला. मग हातात नुसती सुई धरून बसले. मला वाईट वाटलं असं नाही. सुईत दोरा ओवता येईना एवढंच. भोक लहान होतं.

ताई आल्या आल्या मी सांगून टाकलं. शर्टांचं नाही, घोड्याचं. एका दमात सांगितलं, त्यामुळे नीट सांगता आलं नसावं. ती पर्स खांद्यावरच ठेवून ऐकत होती.

"घोडा दमला की बाबा अंगठी वाजवतात?"

"हो."

"टीव्हीतला घोडा?"

"हो."

"दाखव."

घाईवाला लावला. घोडा पळाला, बाबांनी टिंग केलं. मी ताईकडे असं बघितलं की जणू मीच वाजवलं. ताई थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, केवढा ढणढणाट आहे तो. आवाज झाला की करतात ते. दुकानात शटर पडलं की मीही दचकते. आणि समज, थांब म्हणतायत. तो गडी थांबला का? नाही ना. व्हिडिओ काय बाबांचं ऐकतो?"

"नाही."

"मग कसं ठरवायचं त्यांना काय म्हणायचंय?" ती पर्स ठेवायला आत गेली. आतून म्हणाली, "मला काय हौस आहे का गं त्यांना पाठवायची?"

नळ बराच वेळ चालू होता.

१८ तारीख

ताई म्हणाली ते बरोबर आहे. व्हिडिओ कुणाचंच ऐकत नाही. म्हणून तर मी बघते.

खिळ्याला फोन केला. त्याच्याकडे असली जुनी धुडं असतात. म्हटलं, तो काउबॉयचा गेम आहे का, खेळायचा? तो म्हणाला, "तू? खेळणार? बरी आहेस ना?"

२० तारीख

खिळा जुना खोका घेऊन आला. वायरींना मुंग्या लागल्या होत्या. त्याने फुंकर मारून, ठोकून, तोंडातल्या तोंडात शिव्या देऊन चालू केला. बाबा होते म्हणून शिव्या अर्ध्याच. मग बाबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तुमच्या शेंडेफळाच्या हातात गाडी देतोय. देव तुम्हाला वाचवो."

रिमोट माझ्या हातात. बटणं किती! व्हिडिओ बघून मला सगळं ठाऊक होतं. डोंगरामागचा चोरवाटेचा पूलसुद्धा. पण घोड्यावर बसायचं बटण कुठलं, तेच माहीत नव्हतं. आधी मी घोड्याला लाथ मारली. मग बसले ती उलटी. म्हणजे टोपीवाला बसला. मग कुंपणात घुसले. खिळा खाली लोळत होता.

"अगं, लगाम ओढ!"

"कुठला लगाम? इथे चार बटणं आहेत!"

घोडा भरधाव सुटला. मी सोडला नव्हता, माझं बोट बटणावर अडकलं होतं. समोर नदी.

टिंग.

बोट उचललं गेलं. मी उचललं नाही, ते उचललं गेलं. घोडा काठावर उभा राहिला, दगड घरंगळून पाण्यात गेले. घोडा धापा टाकतोय. पिवळी पट्टी हळूहळू भरत गेली. मी बाबांकडे बघितलं नाही. का कुणास ठाऊक, मागे वळून बघू नये असं वाटलं. पट्टी पूर्ण भरली.

टिंग टिंग.

निघाले.

खिळा उठून बसला. त्याच्या तोंडात खिळा नव्हता तरी बोलला नाही. परत एक, थांबले. परत दोन, निघाले. एक पूल लागला, अरुंद. टिंग. थांबले. समोरून एक बैलगाडी आली, ती मला दिसलीच नव्हती. ती गेली. टिंग टिंग.

आम्ही असं किती वेळ गेलो माहीत नाही. दार उघडं होतं. ताई कधी आली कळलं नाही. ती चपला न काढता उंबऱ्यात उभी होती. बाबांनी एक दिली, मी थांबले. दोन दिल्या, आणि माझं बोट हलायच्या आत ताई म्हणाली, "चला, पुढे चला, आत सरका."

कंडक्टरकाकांसारखी. अगदी त्या सुरात, नाकातून.

मग ती चपलांसकट बाबांच्या पलंगावर बसली. त्या पलंगावर ती कुणालाही बसू देत नाही.

बाबांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली होती. उजवी जिथे असते तिथेच होती.

नोंद: अर्धी गोळी दिली नाही. ताईनेच नको म्हटलं.

२५ तारीख

बाई आल्या. कपाचं चित्र धरलं. बाबा खिडकीबाहेर. किल्ली. खिडकी. माझ्या हातांना घाम आलेला, बटणं निसरडी झालेली.

ताई म्हणाली, "बाई, चित्रं राहू द्या. त्यांना बसवर बसवा."

बाईंना कळेना. ताईने समजावलं: बस, घंटी, एक, दोन. बाईंनी विचार केला. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायला लावला. मला पडद्याकडे बघायचं नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचं, नुसतं ऐकायचं. आणि स्वतः पलंगामागे जाऊन उभ्या राहिल्या.

भिंतीवर दुकानाचं कॅलेंडर आहे. त्यावरही चष्मा. मी चष्म्याकडे बघत घोडा चालवला. काय समोर येतंय ते फक्त बाबांना दिसत होतं. एक. दोन. बराच वेळ काही नाही, म्हणजे रस्ता मोकळा. मग एक, एकच, पण जोरात. बोट उचललं. मागून बाईंचा आवाज आला, "अरे बापरे." वळून बघितलं तर घोडा कड्याच्या टोकावर, पुढचे पाय दरीच्या तोंडाशी.

बाई खुर्चीवर बसल्या. बाबांच्या समोर वाकून म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला कपाची चित्रं दाखवत होते."

बाबांनी एक वाजवली.

थेरपी घरीच. आठवड्यातून तीनदा बाई येणार, मग पुढचं बघू म्हणाल्या. सेंटरला तसं कळवलं.

ताई रडली. मी नाही. मी शर्टांचे नंबर उसवत बसले. उसवायला सोपे आहेत, मी टाके मोठेच घातले होते. मरून स्वेटरचा नंबर काढताना लोकर निघाली आणि कॉलरला भोक पडलं. तेवढ्यावरून मात्र मला रडू आलं, स्वेटरच्या भोकावरून. एवढं काय त्यात!

२६ तारीख

खिळ्याला 'येत नाही' असं कळवायचं होतं. फोन हातात घेतला तर ताईने काढून घेतला.

"ट्रक कधी निघतोय?"

"परवा. मी जात नाहीये."

"का? मी म्हटलं?"

"कुणीतरी लागेल ना घरात."

"माझी रजा साठून कुजतेय," ती म्हणाली. "पहिलं प्रदर्शन करून ये. आठ दिवस. नवव्या दिवशी दारात दिसली नाहीस तर तुलाच मागच्या वॉर्डात टाकेन. नंबर मीच शिवेन." मग रिमोट उचलून उलटसुलट बघितला. "लगाम कुठलं बटण?"

तिला शिकवलं. माझ्यापेक्षा वाईट चालवते. बाबांचा हात दुखेल.

तिला विचारलं, "आणि मी आलेच नाही तर?" ती म्हणाली, "येशील." मग थोडं थांबून, "येशील ना?"

मी हो म्हटलं. आतून हो आलं की नुसतं तोंडातून, ते तपासलं. कळलं नाही.

२८ तारीख

ट्रकमध्ये लिहितेय. मधली सीट. अक्षर हलतंय. खिळा म्हणतो, डायरी काय, मोठी माणसं झालो का आपण?

सकाळी ब्रदर येऊन गेला. ताई सूप ढवळत होती. मी बॅग पाठीवर घेतली आणि बाबांसमोर उभी राहिले. टीव्ही बंद होता. काय बोलायचं ते ठरवलं होतं, ते विसरले. म्हटलं, "बाबा, आठ दिवस. जाऊ का?"

ते बघत राहिले. टीव्हीकडे नाही, खिडकीबाहेरही नाही. अंगठी कठड्यावर टेकलेली, पण वाजेना. आतून सुपाच्या चमच्याचा आवाजही थांबला. पुलावर बस अडकली होती तेव्हा असंच वाटलं होतं.

टिंग टिंग.

मी वळले. दारापर्यंत गेले. कडी काढली.

टिंग.

एकच. मी थांबले. मागे वळून बघितलं नाही, आधी थांबले.

मग वळले. बाबा माझ्या पाठीकडे बघत होते. हात मागे नेऊन चाचपलं. बॅगची चेन सताड उघडी होती, टॉवेल लोंबत होता. टॉवेल आत कोंबला, चेन लावली, ओढून बघितली. बाबांनीही बघितलं, नीट.

मग दोन दिल्या.